सोल्यूशनच्या डब्यात काय आहे, तेवढं छापायला लावा

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: बॅगा व चपलांच्या कामात वापरल्या जाणाऱ्या सोल्यूशनच्या (चिकटवण्याच्या गोंदाच्या) डब्यांवर त्यातील द्रावकांची (गोंद पातळ ठेवून सुकताना हवेत उडून जाणाऱ्या रसायनांची) नावे व प्रमाण छापण्याबाबत

महोदय,

आपल्या दफ्तरी माझी नोंद नाही आणि असायचं कारणही नाही. धारावीत संत रोहिदास मार्गाच्या मागच्या एका गल्लीत माझी दहा बाय बाराची खोली आहे, वर पोटमाळा. तिला आम्ही कारखाना म्हणतो. शिलाईची दोन मशीनं, एक लांब फळी, पाच कारीगर आणि मी. 31 वर्षं लेदरच्या बॅगा, पाकिटं आणि पट्टे करतो आहे. कायद्यातला कारखाना व्हायचा तर वीज वापरणाऱ्या ठिकाणी 20 माणसं लागतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत तो आकडा आहे. आमच्या गल्लीतल्या खोलीत वीस माणसं उभीसुद्धा राहणार नाहीत. त्यामुळे आपले निरीक्षक इथे येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते येऊ नयेत असंच आम्हां सगळ्यांना आजवर वाटत आलं. हे पत्र मी कशासाठी लिहितो आहे ते सांगायला मला माझ्या भाच्यापासून सुरुवात करावी लागेल.

भाचा माझ्याकडे पेस्टिंगला बसायचा. अस्तराला आणि चामड्याला ब्रशने सोल्यूशन लावायचं, दहा मिनिटं सुकू द्यायचं, मग दोन्ही कडा जुळवून हातोडीने ठोकायच्या. फळीखाली मांडी घालून बसायचं, डबा मांडीजवळ, तोंड उघडं. दिवसाला चार-पाच डझन पाकिटं. हात हलका होता त्याचा, कडेबाहेर एक थेंब जायचा नाही.

2024 च्या पावसाळ्यात दिवाळीच्या गिफ्टची मोठी ऑर्डर आली. पावसात सोल्यूशन लवकर सुकत नाही, हवेतली ओल त्यावर बसते, कडा सुटतात, माल परत येतो. दुकानदार म्हणाला, हे दुसरं घ्या, तीन मिनिटांत सुकतं आणि डब्यामागे पैसेही कमी. मी घेतलं. ते घेणारा मी होतो, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. सुकलंही झटपट. पाऊस आत येतो म्हणून खिडकीला ताडपत्री होती. तीन महिने आम्ही रात्री अकरापर्यंत काम केलं आणि तिघं कारीगर त्याच खोलीच्या पोटमाळ्यावर झोपले.

ऑक्टोबरात भाच्याची चप्पल पायातून निसटायला लागली. चालता चालता मागे राहायची आणि त्याला कळायचंही नाही. गल्लीत आम्ही हसलो. चामड्याचं काम करणाऱ्याला स्वतःची चप्पल सांभाळता येत नाही म्हणून कुणीतरी त्याला चिडवलंसुद्धा. मग तो पोटमाळ्याच्या शिडीवरून घसरला. मग एक दिवस हातातून चामडं कापायची रापी पडली आणि पडलेली रापी त्याला चिमटीत उचलता येईना.

आमच्या डॉक्टरांनी साखर तपासली, बी-ट्वेल्व्ह तपासलं, इंजेक्शनं दिली. त्यांना दोष देत नाही. पायाला मुंग्या आल्या की आपल्याकडे आधी साखरच आठवते. पुढे पालिकेच्या एका रुग्णालयात गेलो. तिथे विचारलं, काम काय करता? भाचा म्हणाला, बिझनेस. मामाचा बिझनेस आहे हे सांगण्यात त्याला मान वाटायचा. त्या एका शब्दाने आमचे आणखी तीन आठवडे खाल्ले. शेवटी तिथे शिकणाऱ्या एका डॉक्टर मुलीला त्याच्या नखांच्या कडेला वाळलेला पिवळा थर दिसला. हे काय आहे, तिने विचारलं. सोल्यूशन, तो म्हणाला. ती म्हणाली, डबा घेऊन या.

तो डबा मी घेऊन गेलो आणि साहेब, पत्राचा विषय इथून सुरू होतो. डब्यावर कंपनीचं नाव होतं. एका मजबूत माणसाचं चित्र होतं. वजन, किंमत, आगीचं चिन्ह, मुलांपासून दूर ठेवा, इंग्रजीत. आत काय आहे ते कुठेही नव्हतं. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती, कुठलं तेल, सगळं छापलेलं असतं. ह्या डब्याचं झाकण माझ्या माणसांच्या नाकाखाली दिवसाचे बारा तास उघडं असतं आणि त्यावर आतल्या मालाचा एक शब्द नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, आम्हाला वरून येतं तसं विकतो. कंपनीला फोन केला तर फॉर्म्युला गुपित असतो असं उत्तर मिळालं.

कागद मिळाला तो अडीच महिन्यांनी, आणि तोही आडवाटेने. एक मित्र परदेशी ग्राहकांना माल पाठवतो. त्या ग्राहकांना प्रत्येक चिकट वस्तूचं सुरक्षा माहितीपत्रक लागतं, म्हणून त्याने मागितल्यावर त्याच कंपनीने त्याच डब्याचं माहितीपत्रक दुसऱ्या दिवशी पाठवलं. म्हणजे कागद तयार होता. जर्मनीत बॅग विकत घेणाऱ्यासाठी तो होता, धारावीत ती बॅग चिकटवणाऱ्यासाठी नव्हता. त्यात टोल्युईन होतं, मिथाइल इथाइल केटोन होतं आणि तिसऱ्या ओळीत एन-हेक्झेन होतं. डॉक्टर मुलगी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून गप्प बसली. मग तिने त्याच्या नसांची चाचणी लावली.

तेव्हापासून मी जे शिकलो ते आपल्याला नवीन नसणार. तरी लिहितो, कारण हे पत्र खुलं आहे आणि माझ्यासारखे खोलीवाले ते वाचतील.

एन-हेक्झेन पेट्रोलच्या घराण्यातला. 69 अंशांना उकळतो, म्हणून तीन मिनिटांत सुकतो. जे आम्हाला आवडलं तेच त्याचं वाईट आहे, कारण सुकणं म्हणजे सगळाच्या सगळा हवेत जाणं. वास फार उग्र नसतो आणि थोड्या वेळात नाकाला तोही येईनासा होतो. शरीरात गेल्यावर त्याचा 2,5-हेक्झेनडायोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि खरा घाव तो घालतो. नसेच्या आत बारीक तंतू असतात, त्यांना तो एकमेकांशी जखडतो. चामडं चिकटवायला आणलेल्या वस्तूने माझ्या भाच्याच्या नसांतले धागे चिकटवले. सर्वांत लांबच्या नसा आधी जातात, म्हणून आधी पायाची बोटं, मग पाऊल, मग हात. दोन्ही बाजूंना सारखंच. सोबत मिथाइल इथाइल केटोन असेल तर हेक्झेनचा घाव आणखी खोल जातो, जरी ते एकटं असताना नसांना असं करत नाही. आमच्या डब्यात दोन्ही होते.

आणखी एक गोष्ट कुणीच आम्हाला आधी सांगितली नव्हती. काम थांबवल्यावरही दुखणं पुढचे दोन-तीन महिने वाढतच राहतं. भाचा डिसेंबरात घरी बसला आणि फेब्रुवारीत पहिल्यापेक्षा वाईट झाला. घरात सगळे म्हणू लागले, बघा, सोल्यूशन सोडलं तरी वाढतंय, म्हणजे कारण दुसरंच आहे, गावाकडे देवाला नेऊ. डॉक्टर मुलीने आधीच बजावून ठेवलं नसतं तर मीही तेच म्हटलं असतं आणि त्याला परत फळीपाशी बसवलं असतं. अशी किती माणसं मुलुखाला जाऊन, बरं वाटत नाही म्हणून पुन्हा परत येऊन त्याच डब्यापाशी बसली असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही. ह्या दुखण्यावर औषध नाही. नस सावकाश वाढते, दिवसाला साधारण एक मिलीमीटर. गुडघ्यापासून बोटापर्यंतचं अंतर मोजा.

डॉक्टर मुलीने मला एक गणित करून दाखवलं. जगात बऱ्याच ठिकाणी आठ तासांच्या कामासाठी हवेत 50 पीपीएमपर्यंत एन-हेक्झेन चालतो असं मानतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग. युरोपात हीच मर्यादा 20 आहे. अमेरिकेच्या कायद्यात अजून 500 आहे आणि तिथलीच सरकारी संशोधन संस्था 50 च्या वर जाऊ नका म्हणते; तेव्हा आकड्यांवरही किती विसंबायचं ते आपण जाणता. आम्ही 50 धरलं. माझी खोली दहा बाय बारा, उंची आठ फूट. खिडकी बंद असेल तर खोलीभर 50 पीपीएम व्हायला किती हेक्झेन उडावा लागतो? सात मिलिलिटर. चहाचा दीड चमचा. आम्ही दिवसाला दोन लिटर सोल्यूशन वापरत होतो. त्यात हेक्झेन पाव हिस्सा धरला तरी अर्धा लिटर होतो. दार उघडं होतं, माणसं येत-जात होती, हे सगळं वजा करा. तरी उरतं ते चमच्यांत मोजता येत नाही. आणि ती मर्यादा आठ तास काम करून घरी जाणाऱ्या माणसासाठी आहे. माझे कारीगर घरी जात नव्हते, शिडी चढून वर जात होते.

आगीचं तर बोललोच नाही. तेवढ्याच खोलीत दीड-पावणेदोन लिटर हेक्झेनची वाफ कोंडली तर सगळी हवाच पेट घेण्याजोगी होते, डब्याच्या तोंडाशी त्याहून फार आधी. पण आगीला आम्ही घाबरतो, विडी बाहेर जाऊन ओढतो. ज्याची भीती आहे त्याची काळजी माणूस घेतो.

ही गोष्ट काही धारावीत पहिल्यांदा घडलेली नाही. 1960 च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांचे पाय असेच लुळे पडले होते. इटलीत त्याआधी बुटांच्या गोंदात बेंझीन असायचं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे कळल्यावर तिथे 1963 मध्ये कायदा करून त्याला लगाम घातला गेला. मग गोंदवाल्यांनी हेक्झेन वाढवला आणि रक्ताऐवजी नसांचे रोगी दिसायला लागले. चीनमध्ये सुझोऊच्या एका कारखान्यात 2009 मध्ये ॲपलच्या फोनचे पडदे पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणला, का, तर लवकर सुकतो. 137 कामगारांना बाधा झाल्याचं ॲपलने स्वतःच्या 2011 च्या अहवालात मान्य केलं. लवकर सुकतो. माझ्या दुकानदाराचे शब्द.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. श्रेय कुणाचं, भौगोलिक मानांकन कुणाचं. व्हायलाच हवा होता. पण माझ्या आजोबांच्या हातची कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असायची, तिच्यात सोल्यूशनचा थेंब नसायचा. आज त्याच आकाराची स्वस्त चप्पल सोल्यूशनवर उभी आहे, आणि ती चिकटवणाऱ्याच्या नाकात काय जातं यावर एवढ्या गदारोळात कुणी बोललं नाही.

आता मागणी. आमच्या खोल्यांवर धाड घालू नका, ही पहिली विनंती. धाड पडली की खोलीला सील लागतं आणि काम चार गल्ल्या आत सरकतं, जिथे खिडकीच नसते. नव्या संहितेत जोखमीच्या कामाला माणसांचा आकडा न बघता कायदा लावण्याची सोय ठेवली आहे म्हणतात. केंद्राने तशी अधिसूचना काढली तर चांगलंच. पण ती आमच्या फळीपर्यंत यायला किती वर्षं लागतील, ह्या वयात मी त्याच्यावर पैज लावणार नाही.

सोल्यूशन मात्र खोलीत बनत नाही. ते कारखान्यात बनतं, आपल्या यादीतल्या कारखान्यात. तिथे आपला हात पोचतो. आणि नियम नवा करायची गरज नाही. घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयातीचे 1989 चे नियम आहेत. त्यातला 17 वा नियम सांगतो की घातक रसायनाच्या प्रत्येक भांड्यावर आत काय आहे, ते कुणी बनवलं आणि त्याचे धोके काय हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. सुरक्षा माहितीपत्रकही त्याच नियमात येतं. हे नियम राबवणाऱ्या यंत्रणांत आपलं खातं आहे. मी वकील नाही. पण डब्यावर आगीचं चिन्ह छापणाऱ्याला आतला माल घातक आहे हे माहीत असतं, एवढं मला कळतं.

तेव्हा सोल्यूशन आणि थिनर बनवणाऱ्या कारखान्यांत पुढच्या वेळी आपले अधिकारी जातील तेव्हा त्यांनी रिॲक्टर, अग्निशमन आणि हजेरीपट बघून झाल्यावर पाच मिनिटं काढून तयार मालाचा एक डबा हातात घ्यावा. त्यावर द्रावकांची नावं आणि टक्केवारी आहे का? मराठीत आणि हिंदीत आहे का? आमचे निम्मे कारीगर बिहार-उत्तर प्रदेशचे आहेत. अक्षर फळीवरून वाचता येईल एवढं आहे का? माहितीपत्रक परदेशी ग्राहकासारखं मलाही मागितल्यावर मिळतं का? गोंदाचा फॉर्म्युला कंपनीने खुशाल तिजोरीत ठेवावा. रबर कुठलं, राळ किती, मला नको. जे उडून माझ्या माणसाच्या छातीत जातं त्याचं नाव हवं.

सुट्ट्या विक्रीकडेही बघावं. आमच्याकडे पाच लिटरच्या कॅनमधून थंड पेयाच्या बाटलीत ओतून सोल्यूशन मिळतं. कॅनवर काहीही छापलं तरी बाटलीवर ते येत नाही. हे आपल्या खात्याचं काम नसेल तर ज्याचं असेल त्याला आपण पत्र लिहावं. आपल्या पत्राला माझ्या पत्रापेक्षा वजन असेल.

नाव छापून काय होणार, असं कुणी विचारेल. माझ्या खोलीत काय झालं ते सांगतो. माहितीपत्रक हाती आल्यावर मी दुसऱ्या तीन कंपन्यांची मागवली, मित्राच्याच नावावर. एकात हेक्झेनऐवजी हेप्टेन होतं. नसांवर तसा घाव हेप्टेन घालत नाही. आगीचा धोका तोच, आणि वाफ तीही छातीत भरायची नाहीच, पण पाय तरी वाचतील. डब्यामागे महाग पडतं आणि सुकायला दुप्पट वेळ घेतं. अस्तराला आता पाण्यावरचा गोंद वापरतो, पावसाळ्यात तो फार छळतो. छताजवळचा पंखा काढून फळीच्या मागे, हाताच्या उंचीवर, बाहेर फेकणारा बसवला. वाफ हवेपेक्षा तिपटीने जड, ब्रशखालून निघते ती खाली उतरते, आणि आम्ही इतकी वर्षं ती छताकडून ओढायचा प्रयत्न करत होतो. म्हणजे जी थोडीफार वर यायची ती कारीगराच्या तोंडावरून जायची. डब्याला बारीक तोंडाचं झाकण, ब्रशपुरतं. थिनरने हात धुणं बंद, त्यासाठी साबण आणि खोबरेल. तोंडाला बांधायचे रुमाल आणि निळे मास्क ह्या वाफेपुढे काहीच नाहीत हे कळल्यावर तेही सोडले. झोपायला दुसरी खोली भाड्याने घेतली. ती परवडत नाही. पोटमाळ्यावर आता फक्त चामडं असतं.

ह्यातलं काहीही मी आधी केलं नसतं, कारण समोर काय आहे हेच माहीत नव्हतं. नाव कळल्यावर केलं, आणि मी काही फार चांगला मालक नाही. माझ्यापेक्षा चांगले मालक आमच्या गल्लीत आहेत.

भाच्याचं म्हणाल तर दीड वर्ष झालं. पावलाला वर धरणारा पट्टा लावून तो चालतो, शिडी चढत नाही. चिमटीत पेन धरता येतं, रापी अजून नाही. पेस्टिंगला त्याला मी बसवत नाही आणि तो बसायला मागतही नाही. खोलीत येणारा प्रत्येक डबा त्याच्या हाताखालून जातो. माहितीपत्रक हाती असेल तर तो मार्करने झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत आतल्या द्रावकांची नावं लिहितो. नसेल तर प्रश्नचिन्ह काढतो आणि तो डबा फळीवर जात नाही. आज सकाळी मोजले. दारामागे नऊ डबे आहेत, दुकानदाराने नमुना म्हणून दिलेले धरून. नावं चार डब्यांवर आहेत.

आपला,
धारावीतला एक बॅगवाला

प्रत: संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, मुंबई